एकशे पाचव्या पानावरची नळी

मंगळवार, ३

आज सकाळी आंघोळ, प्रार्थना आटोपून मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, केस विंचरले आणि गाडी दुरुस्तीला घेऊन गेलो. शर्टाचं लिहून ठेवतो, कारण अक्कानं दारातच अडवलं. "गाडी दुरुस्त करायला चाललास की मागणी घालायला?"

अक्का माझी मोठी बहीण. भावोजी गेल्यापासून माझ्याकडे असते आणि मी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत असते. मी म्हटलं, "गॅरेजमध्ये चार माणसं येतात. नीटनेटकं जावं." ती म्हणाली, "बरोबर आहे. तेलाचे डाग पांढऱ्यावरच उठून दिसतात."

आमच्या गावच्या शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत बसायच्या. गुरुजी म्हणायचे, रोज वहीत निदान एक खरं वाक्य लिहावं, मग बाकीचं पान कोरं राहिलं तरी चालेल. चाळीस वर्षं ते पाळत आलोय. बहुतेक दिवशी एकच वाक्य होतं. मी पुस्तकं बांधतो. या धंद्यात रोज लिहिण्यासारखं काही घडत नाही, आणि ते मला बरं वाटतं. वाटायचं.

ही गाडी मला बाइंडिंगच्या मालकांनी दिली. निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, "तीस वर्षं माझी पुस्तकं शिवलीस, आता हिला सांभाळ." तिचं वय सव्वीस, माझं एकोणपन्नास. दोघांच्याही सांध्यांतून आवाज येतो.

तिचं दुखणं असं. चालत असली की ठीक. उभी राहिली की इंजिन एका लयीत राहत नाही. वर जातं, खाली येतं, आणि चौकात लाल दिवा लागला की हमखास गप्प होतं. दुसरं दुखणं ब्रेकचं. पायडल दगडासारखं घट्ट, जवळजवळ उभं राहावं लागतं त्यावर. आणि तिसरी एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय. ब्रेक दाबला की इंजिन धाप टाकतं.

गॅरेज म्हणजे एक लांबट शेड. दोन भावांची. मधोमध प्लायवुडची भिंत. अलीकडे थोरला, तो इंजिन बघतो. पलीकडे धाकटा, तो ब्रेक बघतो. तीन वर्षांपूर्वी वाटणी झाली, तेव्हापासून बोलणं बंद. भांडण कशावरून झालं ते थोरल्याला विचारलं तर म्हणतो धाकट्याला विचारा, धाकटा म्हणतो थोरल्याला विचारा. पुढे, भिंतीच्या तोंडाशी, स्पेअर पार्टचं काउंटर आहे. तिथं त्यांची मोठी बहीण बसते. आईवडील लवकर गेले, हिनंच दोघांना वाढवलं. ते तिला ताई म्हणतात. मी बाई म्हणतो.

थोरल्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि आतूनच म्हणाला, "ताई, पलीकडच्यांना विचार, याचे ब्रेक बघितले का?"

"ब्रेक बघितले का, विचारतोय," बाई म्हणाल्या.

पलीकडून आवाज आला, "मागच्याच आठवड्यात. आणि ताई, त्यांना सांग, ब्रेकचं ब्रेकवाल्याला कळतं, ज्याला स्वतःची जीभ आवरत नाही त्यानं दुसऱ्याची गाडी आवरायला जाऊ नये."

"मागच्या आठवड्यात, म्हणतोय," बाई म्हणाल्या. उरलेलं वाक्य त्यांनी वॉशरच्या ट्रेमध्ये टाकलं आणि हातानं सारखं केलं.

धाप टाकण्याचं मी दोघांनाही सांगितलं. थोरला म्हणाला, ब्रेक दाबल्यावर होतं ना, मग ब्रेकवाल्याला सांगा. धाकटा म्हणाला, धाप कोण टाकतंय, इंजिन ना, मग इंजिनवाल्याला सांगा. बाई मात्र लक्ष देऊन ऐकत होत्या.

शर्टाला डाग पडला नाही.

शुक्रवार, ६

थोरल्यानं स्क्रू फिरवून इंजिनचा वेग वाढवून ठेवला. आता गाडी बंद पडत नाही. आता ती थांबतच नाही. चौकात मी दोन्ही पायांनी ब्रेक धरून उभा आणि ती नव्या सुनेनं माहेरची वाट धरावी तशी पुढे पुढे. समोर एक माणूस सायकलच्या कॅरिअरला मोठा आरसा बांधून दिव्याची वाट बघत होता. त्या आरशात मी हळूहळू मोठा होत गेलो. नाक दिसायला लागलं तेव्हा दिवा हिरवा झाला. देवाचे आभार मानले. शर्ट निळा होता, तो मला शोभतो असं आरशावरून वाटलं.

कार्ब्युरेटरखाली घालायचा एक वॉशर बाईंनी दिला होता, तो मोठा निघाला. परत गेलो. दुसरा दिला, तो लहान निघाला. पुन्हा गेलो. तिसराही बसेना. चौथा बसला, तेव्हा थोरल्यानं स्क्रू थोडा खाली घेतला. एवढ्या वस्तू सांभाळायच्या म्हणजे माणसाकडून चूक होणारच. तीन हेलपाटे पडले पण मला जरासुद्धा राग आला नाही. ही नियमित प्रार्थनेची कमाई असावी.

थोरला म्हणाला, "बाइंडर, तुमचं नशीब खराब. आमच्या ताईनं आजवर कुणाला चुकीचा वॉशर दिलेला नाही. डोळे मिटून बोटानं ओळखते."

मी म्हटलं, असतं एकेकाचं नशीब.

मंगळवार, १०

आज धाकट्यानं ब्रेकमधली हवा काढली. तो चाकाशी झोपून ओरडायचा, "दाबा. धरा. सोडा." मी गाडीत बसून दाबत, धरत, सोडत होतो. काउंटरवरून बाई म्हणाल्या, "बाइंडरना प्यायला पाणी तरी विचार." धाकटा म्हणाला, "ताई, मला तर तीन वर्षांत कधी विचारलं नाहीस." त्यावर बाईंनी ट्रेमधले सगळे नट एकदम ओतले. बराच वेळ आवाज होत होता.

एवढं करून पायडल तसंच दगड.

मग धाकट्यानं खात्री करायला पुस्तक काढलं. आणि मी गाडीतून खाली उतरलो.

गाडीच्या कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक, चांगला जाड कागद, दोऱ्यानं शिवलेलं. पण अर्धं. पुढची पाठ नाही, पुठ्ठा नाही, रबराच्या फितीनं बांधून ठेवलेलं. मी विचारलं, दुसरं अर्धं कुठं आहे? धाकट्यानं हनुवटीनं प्लायवुड दाखवलं.

बाईंनी सांगितलं ते असं. वाटणीच्या दिवशी पाने, पकडी, जॅक सगळं वाटून झालं. हे पुस्तक एकच उरलं. इंजिनचा भाग थोरल्याला, ब्रेकचा धाकट्याला, असं ठरलं आणि मधोमध कापलं.

"कशानं कापलं?" मी विचारलं.

"लोखंड कापायच्या करवतीनं."

मला घोटभर पाणी प्यावं लागलं. मी रागीट माणूस नाही, पण शिवलेलं पुस्तक करवतीनं कापणं म्हणजे... पुढचं लिहीत नाही.

मी म्हटलं, "बाई, हे मला द्या. मी पुन्हा एक करून देतो."

अलीकडून आवाज आला, "ताई, बाइंडरला सांग, माझी हरकत नाही, पण पुस्तक पलीकडे राहणार नाही." पलीकडून आवाज आला, "ताई, सांग त्यांना, अलीकडेही नाही."

"माझ्याकडे राहील," बाई म्हणाल्या.

दोन्ही अर्धी बगलेत घेऊन घरी आलो. येताना गाडी सहा वेळा बंद पडली. सहाही वेळा मी गुणगुणतच सुरू केली. अक्का म्हणाली, "लांबूनच कळलं तू आलास. गाडी खोकते आणि तू गातोस."

शुक्रवार, १३

कामाच्या टेबलावर पुस्तक उसवून पसरलं. असं पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी शिवलेलं असतं. बाकीचे फर्मे शाबूत. सातवा मात्र बरोबर मध्यावर कापला गेलाय, त्यामुळे त्याची सगळी पानं सुटी. लावून बघितली. थोरल्याचं पुस्तक एकशे चारला संपतं. धाकट्याचं एकशे सातला सुरू होतं. एकशे पाच-एकशे सहा हे एक पान कुणाकडेच नाही.

दुपारी जाऊन विचारलं. थोरला म्हणाला, पलीकडे असेल. धाकटा म्हणाला, अलीकडे असेल. बाई काही बोलणार तेवढ्यात कुणीतरी हॉर्नचं बटण मागायला आला. आजचं विचारणं तिथंच राहिलं. उद्या पुन्हा जाणं आलं. काही इलाज नाही.

शनिवार, १४

फक्त बाईंना विचारलं. त्यांनी वॉशरचा ट्रे उचलला. त्याखाली, तेलानं पिवळं झालेलं, एकशे पाच-एकशे सहा.

"कापलं त्या दिवशी जमिनीवर पडलेलं सापडलं. दोघंही म्हणाले माझं नाही. मग मी ट्रेखाली अंथरलं."

"तीन वर्षं? सांगितलं नाहीत कुणाला?"

"कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. असं काही म्हणाल्या की मला एकदम वाटलं त्या पानाबद्दल बोलत नाहीयेत. पण मग कशाबद्दल, ते काही सुचलं नाही.

पान काउंटरवर ठेवून दोघांनी वाचलं. डोकी जवळ आली होती. त्यांच्या केसांना ग्रीसचा बारीक वास येतो, बाइंडिंगच्या खळीसारखाच, लगेच नकोसा न वाटणारा. हे खरं वाक्य आहे म्हणून लिहिलं.

पानावर एक चित्र होतं. इंजिनपासून निघून ब्रेकच्या डब्यापर्यंत जाणारी रबराची नळी. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं ब्रेकला जोर मिळतो. नळी फाटली तर बाहेरची हवा इंजिनात शिरते, म्हणून ते धाप टाकतं. आणि ब्रेकची ओढ जाते, म्हणून पायडल दगड होतं. दोन आजार नाहीतच. एकच आहे, आणि तो बरोबर इंजिन संपतं आणि ब्रेक सुरू होतो तिथं. थोरल्यानं ही नळी कधी हातात धरली नाही कारण ती ब्रेकला जाते. धाकट्यानं धरली नाही कारण ती इंजिनातून येते.

मी बाईंकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे. मग दोघंही हसायला लागलो. थांबेना. त्यांनी पदर तोंडाशी धरला, मी बोळाभर सूत तोंडाशी धरलं, त्याला ग्रीस होतं. अलीकडून थोरला म्हणाला, "ताई, काय झालं?" पलीकडून धाकटा म्हणाला, "ताई, काय झालं?" त्यामुळे अजूनच.

रविवार, १५

प्रार्थना झाल्यावर शांतपणे बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून ती नळी पकडीनं दाबली. धाप टाकणारं इंजिन एकदम गप्प, म्हणजे बंद नाही, समाधानानं गप्प. मग खालून बोट फिरवलं. जिथं नळी एका पट्टीवर टेकते तिथं, वरून अजिबात न दिसणारी, करंगळीएवढी चीर.

आज नळी कुठं मिळणार? मग माझं काम मी केलं. चिरेवर सरस लावला, बाइंडिंगचं कापड ताणून गुंडाळलं, वरून मेणाचा दोरा आवळून बांधला, पुस्तकाची पाठ बांधतो तसा. तासभर वाळू दिलं. देवाचं नाव घेऊन चावी फिरवली.

गाडी उभी राहिली. नुसती उभी राहिली. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला, पाण्यावर तरंगसुद्धा नाही. ब्रेकवर पाय ठेवला, तर पायडल लोण्यासारखं. मी अंगणात तीन फेऱ्या मारल्या आणि दर दहा पावलांवर ब्रेक दाबला, फक्त थांबता येतं म्हणून.

अक्का खिडकीतून म्हणाली, "वेडा झालास?" मी म्हटलं, "हो."

सोमवार, १६

नवी नळी आणायला गेलो. बाईंनी पहिल्याच फटक्यात बरोबर नळी काढून दिली. मी मनापासून कौतुक केलं, "बघा, आज एकदम बरोबर." त्यांना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही. बहुतेक दमल्या असाव्यात.

नळी बसवली. क्लिपा आवळल्या. थोरल्यानं वाढवलेला स्क्रू मूळ जागी आणला. सगळं उत्तम.

बुधवार, १८

गाडीला काहीही झालेलं नाही.

जेवण गेलं नाही. अक्कानं विचारलं पोट बिघडलंय का. बहुधा पोटच.

गुरुवार, १९

हवा चांगली होती. हे खरं आहे.

शनिवार, २१

आज मी एक काम केलं. गुरुजींच्या नियमानं लिहायलाच हवं, म्हणून लिहितो. नवी नळी काढली, कापडी पिशवीत घातली, स्वयंपाकघरातल्या कपाटात सर्वांत वरच्या डब्यामागे ठेवली. जुनी फाटकी नळी, कापड सोडून, परत बसवली. गाडी पुन्हा धाप टाकायला लागली आणि माझं मन एकदम हलकं झालं. हे कसं काय, त्याचा विचार करायला वेळ नाही, कारण सोमवारसाठी शर्ट धुवायचा आहे.

सोमवार, २३

गेलो. गाडी गॅरेजच्या दारातच बंद पडली. मी फार चिंतेचा चेहरा केला.

बाई काउंटरवरून उठून उंबऱ्यापर्यंत आल्या, बॉनेटखाली वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सरळ झाल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "अवघड दिसतंय."

"फार अवघड?" मी विचारलं.

"एका भेटीत होणारं नाही. उद्या या. परवाही यावं लागेल असं वाटतं."

थोरला पाना घेऊन पुढे आला तर त्याला म्हणाल्या, "तू हात लावू नकोस. हा वेगळा आजार आहे." तो माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिला, आणि पाना पुसत आत गेला. तो एकटाच गालात हसत होता. यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

अर्धा तास हवेबद्दल बोललो. पुस्तकाबद्दलही. फर्मे शिवून झालेत, आता पाठ वळवायची. बाई म्हणाल्या घाई करू नका. मी म्हटलं, मला सावकाशच चांगलं जमतं.

घरी येताना मी गात होतो. शेजारच्या बाल्कनीतल्या म्हाताऱ्या काकांनी हात वर करून नमस्कार केला. त्यांना वाटलं मला काहीतरी मिळालंय.

गुरुवार, २६



अक्काला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. गाडीतून निघालो. गेले तीन दिवस रोज गॅरेजला जाऊन, हवेबद्दल बोलून, बाईंचं "उद्या या" ऐकून मी इतका आनंदात होतो की गाडीत काय बसवून ठेवलंय ते विसरलो होतो. उतारावर दुधाच्या कॅन लावलेला सायकलवाला आडवा आला. ब्रेकवर पाय ठेवला. दगड. सगळं अंग घालून दाबला, सीटवरून उठलो, अक्कानं माझा दंड धरला. गाडी थांबली ती त्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर. कॅनचं झाकण हललं, एवढंच. तो मागे वळून म्हणाला, "काका, झोपलाय का?"

मी झोपलो नव्हतो. त्याहून वाईट होतं ते.

दवाखान्यातून परत येईपर्यंत अक्का एक शब्द बोलली नाही. अक्का गप्प बसली की समजावं, घराला तडे जाणार. घरी आल्यावर साखर काढायला स्टुलावर चढली, वरचा डबा सरकवला आणि कापडी पिशवी घेऊन खाली उतरली.

"ही नवी नळी ना? मागच्या सोमवारी आणलीस ती? कपाटात काय करते?"

मी सांगितलं. सगळं. सांगताना लक्षात आलं की सांगायला फारसं नाहीच. एक चीर, एक नळी आणि बारा दिवस.

अक्कानं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "आज त्याचं चाक गेलं असतं. किंवा तो. बाईमाणसाशी चार शब्द बोलता येत नाहीत म्हणून ब्रेक मोडून ठेवतोस? एवढा देवाचा माणूस ना तू?"

"चुकलं, अक्का."

"चुकलं ते कळलं मला. बोलणार कधी ते सांग." मग आवाज खाली करून म्हणाली, "मी पाहिलं नाही का तुझं? या महिन्यात तू जितके शर्ट इस्त्री केलेस तितके आईनं तुझ्या शाळेसाठी अख्ख्या चौथीत केले नव्हते."

मी म्हटलं, मला वाटत होतं मी गाडीसाठी जातो.

अक्का म्हणाली, "सगळ्या रस्त्याला माहीत होतं. गाडीलाही माहीत होतं."

शुक्रवार, २७

सकाळी नवी नळी बसवली. जुनी खिशात ठेवली. सायकलवाल्याला शोधून काढलं, चौकातल्या डेअरीत दूध घालतो. माफी मागितली. त्याला आठवतही नव्हतं. म्हणाला, "असे रोज चार जण असतात, काका."

संध्याकाळी पुस्तकाला पुठ्ठा चढवला. काळं कापड, पाठीला गोलाई, वर काहीही छापलं नाही. निशाणीसाठी आत लाल रेशमी फीत घातली आणि ती एकशे पाचव्या पानावर ठेवली. रात्रभर दाबात राहील.

उद्या बोलायचं. लिहिलं म्हणजे ठरलं. प्रार्थनेत मी आजवर दुसऱ्यांसाठी मागत आलोय. स्वतःसाठी काय शब्द वापरायचे तेच माहीत नाही.

शनिवार, २८

अक्कानं आज शर्टावर काही टोमणा मारला नाही. कॉलर सरळ करून दिली.

गाडी गॅरेजच्या दारात उभी केली. बंद केली नाही. न्यूट्रलला ठेवली, शांत, एका लयीत. आत गेलो आणि पुस्तक काउंटरवर ठेवलं.

थोरला हात पुसत आला, धाकटा दुसऱ्या बाजूनं आला. दोघांनी एकमेकांकडे न बघता पुस्तकाकडे बघितलं. थोरल्यानं फीत उचलली, एकशे पाचवं पान उघडलं. नळीचं चित्र. धाकट्यानं वाकून बघितलं. थोरल्यानं पुस्तक बोटभर त्याच्या बाजूला सरकवलं. मग दोघंही आपापल्या बाजूला गेले आणि पाने वाजायला लागले.

मी खिशातून जुनी नळी काढून पुस्तकावर ठेवली.

"बाई, गाडीला काही झालेलं नाही. सोळा तारखेपासूनच काही झालेलं नव्हतं. ही मी परत बसवली होती. कारण गाडी बरी असली की मला इकडे यायला काम नसतं. त्यापायी परवा एका माणसाला लागणार होतं. वीतभर राहिलं. त्याची माफी मागितली, आता तुमची मागतो."

बाई वॉशर निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नळीचं मला सोमवारीच कळलं. तिला तुमचा मेणाचा दोरा लोंबत होता." मग बोटं थांबली. "वीतभराचं माहीत नव्हतं. मीच 'उद्या या' म्हणत राहिले. मला तेव्हाच नळी काढायला लावायला हवी होती. माझीही चूक आहे त्यात."

"मग म्हणालात का नाही?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. तुम्ही हवेबद्दल बोलत होता."

मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, गाडी सुरू करताना घेतो तेवढंच. मग विचारलं. "तुम्ही माझ्याशी लग्न कराल का? मी एकोणपन्नासचा आहे. गाडी सव्वीस वर्षांची. घरी अक्का आहे, त्रेपन्नची, तिची जीभ त्याहून जुनी. हे सगळं धरून विचारतोय."

पाने वाजायचे थांबले. दोन्ही बाजूंचे. गाडीचा तेवढा आवाज येत होता.

मग अलीकडून थोरला म्हणाला, "ऐकलंस का रे?"

त्यात 'ताई, त्याला सांग' नव्हतं. बाईंनी एकदम मान वर केली.

पलीकडे पकड खाली ठेवल्याचा आवाज आला. मग धाकटा म्हणाला, "ऐकलं."

"मग?"

"मला काय विचारतोस? तिला विचारलंय त्यानं."

"ते मलाही कळतं. पण तुला काय वाटतं?"

"चांगला आहे. पायडल नीट दाबतो."

"तुम्ही दोघं गप्प बसा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, हसूही येत होतं, त्यामुळे ट्रे एका बाजूला कलला आणि वॉशर सगळीकडे घरंगळले. कुणी उचलायला गेलं नाही. त्यांनी काउंटरची फळी उचलली, बाहेर आल्या, पदर सारखा केला. "चला. बघू दे तुमची गाडी थांबते कशी."

चौकात लाल दिवा होता. पाय नुसता ठेवला, गाडी थांबली. इंजिन चालू होतं. बाई समोर बघत म्हणाल्या, "तो वॉशर मी तीन वेळा चुकीचा दिला होता."

मी म्हटलं, "असू द्या हो. माणसाकडून चूक होतेच."

त्या माझ्याकडे वळून बघत राहिल्या. दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. "अहो," त्या म्हणाल्या, "मुद्दाम दिला होता."

तरी मी गाडी हलवली नाही, कारण मला अजून उत्तराची वाट बघायची होती. मग त्यांनीच हात लांब करून गिअरवर माझा हात ठेवला आणि वर स्वतःचा ठेवला. तेव्हा कळलं.

घरी अक्का दारात उभी होती. तिनं आम्हा दोघांना बघितलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. माझ्याकडे वळून फक्त म्हणाली, "काय रे?"

मी म्हटलं, "विचारलं."